ड्राफ्टच्या तोंडावर: एकोणीस वर्षांच्या पोराचा हात कसा जोखायचा?

इनलँडवासी | २ जुलै २०२५

मागच्या वर्ल्ड सीरिजच्या (बेसबॉलची अंतिम मालिका) वेळी कळलं की इथे बेसबॉल मनापासून बघणारे बरेच जण आहेत. त्यांच्यासाठी हा धागा.

येत्या १३ जुलैला अटलांटात मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचा, ड्राफ्ट आहे. त्यात क्लब शाळा-कॉलेजातली मुलं आळीपाळीने निवडतात. पहिली निवड वॉशिंग्टन नॅशनल्सची. मग एंजल्स, सिॲटल मरिनर्स, कोलोरॅडो रॉकीज, सेंट लुईस कार्डिनल्स आणि पिट्सबर्ग पायरेट्स. बॅटर्समध्ये ईथन हॉलिडे आणि इलाय विलिट्स यांची नावं आहेत, पण माझा जीव अडकलाय पिचर्समध्ये (चेंडू टाकणाऱ्यांत). कॉलेजवाल्यांत लुईझियाना स्टेटचा केड अँडरसन, टेनेसीचा लियम डॉइल, फ्लोरिडा स्टेटचा जेमी अर्नोल्ड, सांता बार्बराचा टायलर ब्रेम्नर. आणि हायस्कूलमधून आमच्या भागातला सेथ हर्नांडेझ, कॅलिफोर्नियातल्या कोरोना हायस्कूलचा. (हो, गावाचं नाव खरंच कोरोना आहे आणि ते साथीच्या कितीतरी आधीपासून आहे.)

या मोसमात त्याला मी प्रत्यक्ष टाकताना पाहिलं. बॅकस्टॉपमागे (बॅटरमागची जाळी) स्काउट्सची, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांची, रांग, आणि तो हात मागे नेतो न नेतो तोच सगळ्या रडार गन एकदम वर. ९८ मैल म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. पण माझ्या डोक्यात बसला तो त्याचा चेंजअप. हात तितक्याच वेगाने येतो, खांदा तसाच फिरतो, चेंडू मात्र मागे राहतो आणि बॅटर आधीच बॅट फिरवून मोकळा.

आता मुद्दा. ड्राफ्ट १९६५ पासून आहे. एवढ्या वर्षांत हायस्कूलचा उजवा पिचर पहिल्या क्रमांकावर एकदाही निवडला गेला नाही. डावखुरे तीन: १९७३ मध्ये डेव्हिड क्लाइड, १९९१ मध्ये ब्रायन टेलर, २०१४ मध्ये ब्रेडी एकन. टेलर आणि एकन मेजर लीगपर्यंत पोचलेच नाहीत. क्लाइडला टेक्सास रेंजर्सने शाळेतून थेट मेजर लीगच्या माउंडवर (पिचरचा उंचवटा) उभं केलं, अठराव्या वर्षी, आणि त्याची कारकीर्द कधी बहरलीच नाही.

माझं मत: या तीन नावांची भीती इतकी मुरली आहे की समोरचा मुलगा कुणी नीट बघतच नाही. हर्नांडेझ पहिल्या तिघांत जायला हवा. तुम्ही निवड समितीत असता तर काय बघितलं असतं?

---

आकडेमोड | २ जुलै

धागा छान. मताशी असहमत.

आधी नवीन वाचकांसाठी थोडं. स्काउट प्रत्येक गोष्टीला २० ते ८० मध्ये गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, ६० म्हणजे उत्तम, ८० क्वचित कुणाला. फास्टबॉल, प्रत्येक वळणारा चेंडू, चेंजअप, नियंत्रण, सगळ्याला वेगळे गुण. शिवाय आज काय आहे आणि पुढे काय होईल हेही वेगळं लिहितात. खरी मारामारी या दुसऱ्या आकड्यावरून असते.

आता चेंडू मोजणारी ट्रॅकमन, रॅप्सोडोसारखी यंत्रं हायस्कूलच्या शोकेसपर्यंत (स्काउट्सना खेळ दाखवायचे मेळावे) पोचली आहेत. माउंडपासून होम प्लेट (बॅटरसमोरची पाटी) ६० फूट ६ इंच. पण पिचर चेंडू सोडतो तो पुढे झेपावून. कुणी सहा फूट पुढून, कुणी सात. सात फूट पुढून सुटलेला ९४ मैलांचा चेंडू बॅटरला त्याहून वेगवान भासतो. दुसरं म्हणजे उलट्या फिरकीमुळे चेंडू किती कमी पडतो. फास्टबॉल वर चढत नाही, पण बॅटरच्या अंदाजापेक्षा कमी पडला की बॅट खालून निघून जाते. डॉइलचं सगळं यश यावर उभं आहे. मोसमात १६४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) काढले आणि त्यात फास्टबॉलचा वाटा मोठा.

हर्नांडेझबद्दल माझी शंका वयाची. जूनच्या शेवटी तो १९ पूर्ण झाला, म्हणजे त्याच्या बॅचमध्ये मोठा. विलिट्स १७ चा आहे. या वयात दीड वर्ष म्हणजे फार मोठा फरक. समोरचे बॅटर सोळा-सतराचे असतील तर ९८ मैलांवर ते हरणारच, त्यातून पिचरबद्दल फार काही कळत नाही.

कॉलेजचा पिचर आठवड्याला एकदा, तीन वर्षं, तगड्या बॅटर्ससमोर टाकतो. डेव्हिड प्राइस, स्ट्रासबर्ग, गेरिट कोल, पॉल स्कीन्स, हे सगळे कॉलेजमधून पहिल्या क्रमांकावर गेले.

---

तात्या ओहायो | २ जुलै

आकडेमोड, यादीतून मार्क अपेल बरा वगळलात! स्टॅनफर्डचा, २०१३ चा पहिला क्रमांक. मेजर लीगमध्ये पहिला सामना खेळला २०२२ मध्ये, तिसाव्या वर्षी. आणि त्याच्या मागोमाग दुसऱ्या क्रमांकावर गेला क्रिस ब्रायंट.

उलट क्लेटन कर्शॉ २००६ मध्ये डॅलसच्या हायस्कूलमधून सातवा. आजच तो ३००० व्या स्ट्राइकआउटच्या उंबरठ्यावर माउंडवर जातोय. तेव्हा शाळा की कॉलेज हा वादच मला कमी महत्त्वाचा वाटतो.

---

नवखा_पाखरू | २ जुलै

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एक बाळबोध प्रश्न: शाळेतल्या पोराला निवडलं आणि तो म्हणाला मी येत नाही, तर?

---

इनलँडवासी | २ जुलै

@नवखा, येत नाही म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे. हर्नांडेझचं व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी ठरलेलं आहे. तिथे गेला तर साधारण तीन वर्षांनी किंवा २१ वर्षांचा झाल्यावर पुन्हा ड्राफ्टमध्ये. म्हणून शाळकरी मुलांशी बोनसची (सही करताना मिळणारी रक्कम) बोलणी जास्त ताणली जातात. प्रत्येक क्लबची एकूण बोनसची मर्यादा ठरलेली असते. एकाला कमी दिलं तर वाचलेले पैसे खालच्या राउंडमध्ये (निवडीच्या पुढच्या फेऱ्यांत) दुसऱ्याला देता येतात. त्यामुळे 'सगळ्यात चांगला' आणि 'पहिला निवडलेला' हे दर वेळी एकच नसतात.

---

गोलंदाज_साताऱ्याचा | ३ जुलै

बेसबॉल मला अर्धा कळतो, पण मी इथे चौदा ते एकोणीस वयाच्या मुलांना वेगवान गोलंदाजी शिकवतो, म्हणून बोलावंसं वाटलं. दुखणं अगदी तेच आहे.

आमच्या मैदानावर कुणी स्पीड गन आणली की पोरांचा चेहरा बदलतो. लाइन-लेंग्थ विसरतात, पाठ वाकडी करून जोर लावतात. गेल्या वर्षी आयपीएलमध्ये मयंक यादवने १५६.७ चा चेंडू टाकला आणि आठवड्याभरात सगळ्या पोरांना १४० हवे होते. मयंकच्या मागे पुढे दुखापतींचं किती शुक्लकाष्ठ लागलं, ते मात्र कुणी विचारत नाही.

आमच्याकडे कंबरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर होतं, तुमच्याकडे कोपर जातं असं दिसतं. मी मुलगा बघताना पहिल्या स्पेलकडे फार लक्ष देत नाही. दमल्यावर काय करतो ते बघतो. दमलेल्या मुलाचा पुढचा पाय कोसळायला लागला, डोकं बाजूला पडायला लागलं की समजावं, वेग शरीरातून येत नाहीये, खांद्यातून ओरबाडला जातोय.

आणि ॲक्शन विचित्र म्हणून कुणाला काढून टाकू नका. मुंबई इंडियन्सने २०१३ मध्ये बुमराहला घेतलं तेव्हा त्याची ॲक्शन बघून नाकं मुरडणारे कमी नव्हते.

---

तात्या ओहायो | ३ जुलै

साताराकर, तुमचा बुमराह तोच आमचा टिम लिन्सेकम! उंची जेमतेम पाच फूट अकरा, अंग किरकोळ, ॲक्शन अशी की बघणाऱ्याच्या पाठीत कळ यावी. २००६ मध्ये जायंट्सने दहाव्या क्रमांकावर घेतला. २००८ आणि २००९, लागोपाठ दोन साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार).

(कर्शॉने काल रात्री ३००० पूर्ण केले. लिहिता लिहिता पुन्हा अंगावर काटा आला.)

---

मीनल_फिजिओ | ३ जुलै

मी इथे अमेरिकेत खेळाडूंच्या पुनर्वसनाचं काम करते. साताराकरांनी लिहिलेलं वाक्य न् वाक्य पटलं.

कोपराच्या आतल्या बाजूला हाडाला हाड बांधणारा एक छोटा अस्थिबंध असतो. हात मागे जाऊन पुढे झेपावतो त्या क्षणी त्याच्यावर प्रचंड ताण येतो. स्नायू मजबूत करता येतात आणि ते ताणाचा काही भाग उचलतात. अस्थिबंध मात्र त्या वेगाने बळकट होत नाही. वेग वाढत राहिला आणि विश्रांती मिळाली नाही की तो झिजतो, एक दिवस तुटतो. मग हाताच्या किंवा मांडीच्या स्नायूचा कंडरा काढून तिथे बसवतात. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली, म्हणून तिचं नाव टॉमी जॉन. त्याने नंतर १६४ सामने जिंकले, आणि तिथूनच एक घातक गैरसमज रुजला: हात गेला तरी दुरुस्त होतो, उलट नवा जास्त जोरात चालतो! पालक मला हे विचारतात तेव्हा जीव कळवळतो. परतायला वर्ष-दीड वर्ष जातं आणि काही जण परततच नाहीत.

मेजर लीगने गेल्या डिसेंबरमध्ये दुखापतींवर मोठा अहवाल काढला. वेगाचा हव्यास, प्रत्येक चेंडूला पूर्ण जोर आणि जास्तीत जास्त वळणाचा ध्यास, ही त्यातली ठळक कारणं. फास्टबॉलची सरासरी २००८ मध्ये ९१.३ मैल होती, २०२४ मध्ये ९४.२. क्लब वेगाला पैसे देतात, म्हणून चौदा वर्षांचा मुलगा वेगामागे धावतो.

@इनलँडवासी, मी निवड समितीत असते तर आधी एमआरआय मागितला असता, आणि त्याच्याही आधी वही: या मुलाने बाराव्या वर्षापासून कोणत्या महिन्यात किती टाकलं.

---

आकडेमोड | ३ जुलै

मीनलताई, वही कुणाकडेच नसते ना. शाळेची टीम वेगळी, ट्रॅव्हल टीम (गावोगावी स्पर्धा खेळणारी खासगी टीम) वेगळी, शोकेस वेगळा. तीन ठिकाणची बेरीज कोण करणार?

---

कॅरोलिनाचा बाबा | ४ जुलै

ती बेरीज आता मी करतो.

मुलगा सोळाचा. दोन वर्षांपूर्वी शुक्रवारी शाळेसाठी टाकलं, रविवारी ट्रॅव्हल टीमसाठी. त्या टीमच्या प्रशिक्षकाने विचारलं, "हात कसा आहे?" सोळाचा काय, चौदाचा काय, कुठला मुलगा समोर स्काउट बसलेले असताना "दुखतोय" म्हणेल? घरी आल्यावर जेवताना त्याने चमचा डाव्या हातात घेतला, तेव्हा बायकोच्या लक्षात आलं. नशिबाने फाटलं नव्हतं, नुसती सूज. पूर्ण उन्हाळा बसवून ठेवला. तो रोज भांडायचा की माझ्या बॅचची मुलं पुढे गेली.

तेव्हापासून फ्रिजवर कागद लावलाय. तारीख, चेंडू, कुठली टीम. यूएसए बेसबॉल आणि मेजर लीगचे पिच स्मार्ट नावाचे नियम आहेत. पंधरा-सोळा वयाला दिवसाला ९५ चेंडू, सतरा-अठराला १०५, आणि मोठा स्पेल झाला की चार दिवस विश्रांती. पण एका टीमला दुसऱ्या टीमचे चेंडू माहीत नसतात. जबाबदारी शेवटी आपल्यावर येते.

---

नवखा_पाखरू | ४ जुलै

बाबा, तो कागद खरंच आवडला. आमच्या फ्रिजवर नुसतंच दुधाचं बिल असतं.

---

ह्यूस्टनची सई | ४ जुलै

एमआरआयचा विषय निघाला म्हणून एकनबद्दल लिहिते. त्या वेळी आम्ही ॲस्ट्रोसवाले (ह्यूस्टनचा क्लब, त्यांनीच त्याला निवडलं होतं) दिवसरात्र हेच बोलत होतो.

२०१४. सॅन डिएगोचा डावखुरा, पहिला क्रमांक. ६५ लाख डॉलर ठरले. वैद्यकीय तपासणीत क्लबला कोपराचा तो अस्थिबंध नेहमीसारखा दिसला नाही. त्याला दुखत नव्हतं, तो छान टाकत होता. क्लबने रक्कम खाली आणली, शेवटी ५० लाखांवर आले, त्याने सही केली नाही. सगळ्यांनी क्लबला शिव्या घातल्या, मीही त्या गर्दीत होते. पुढच्या मार्चमध्ये त्याचं कोपर गेलं. सही न झाल्याची भरपाई म्हणून क्लबला २०१५ मध्ये दुसरा क्रमांक मिळाला, त्यात आला ॲलेक्स ब्रेगमन. दोन वर्षांनी आम्ही वर्ल्ड सीरिज जिंकलो.

हिशेबाने क्लब बरोबर ठरला. तरी मला अजून सलतं की सतरा वर्षांच्या मुलाच्या हाताचं चित्र जगभर चर्चिलं गेलं आणि त्याचे पैसे, त्याची संधी, दोन्ही गेलं. एमआरआयमध्ये जे दिसतं त्याचा अर्थ लावायचा अधिकार एकट्या खरेदीदाराकडे असू नये.

---

मीनल_फिजिओ | ४ जुलै

सई, अगदी. शिवाय चांगलं चाललेल्या अनेक पिचर्सच्या स्कॅनमध्ये काही ना काही दिसतंच. चित्र आणि तक्रार यांचा मेळ घालावा लागतो. कुमार रॉकरचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये मेट्सने दहावा निवडला, तपासणीनंतर करार केला नाही. पुढच्याच वर्षी टेक्सास रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, आणि २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये पोचला.

---

गोलंदाज_साताऱ्याचा | ४ जुलै

कुमार? आपला?

---

तात्या ओहायो | ४ जुलै

आई भारतीय वंशाची, वडील ट्रेसी रॉकर, अमेरिकन फुटबॉलवाले. अवांतर चाललंच आहे तर अर्जुन निम्मला पण लक्षात ठेवा, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर), २०२३ मध्ये टोरांटोने पहिल्या राउंडमध्ये विसावा घेतला. आणि त्याआधी २००८ चे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेकवाले. 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धेतून निवडले गेले, पायरेट्सने करारबद्ध केले.

---

गोलंदाज_साताऱ्याचा | ५ जुलै

रिंकूचं उदाहरण मूळ प्रश्नाला धरूनच आहे. हात होता, जोर होता, कष्ट होते. पण वयाच्या विसाव्या वर्षी पहिल्यांदा चेंडूची शिवण बोटात धरायची म्हणजे नुसत्या हाताने भागत नाही. तरी तो मायनर लीगमध्ये (मेजरच्या खालच्या लीग) काही वर्षं टिकला याचं मला फार कौतुक आहे.

---

आकडेमोड | ५ जुलै

मूळ मुद्द्यावर येतो. मला अँडरसन पहिला हवा. कॉलेज वर्ल्ड सीरिजच्या अंतिम फेरीत कोस्टल कॅरोलिनाविरुद्ध १-० चा पूर्ण सामना, दहा स्ट्राइकआउट. मोसमात १८० स्ट्राइकआउट, देशात सर्वांत जास्त. चार प्रकारचे चेंडू आणि कुठलाही चेंडू केव्हाही टाकायची तयारी.

---

मीनल_फिजिओ | ५ जुलै

त्या सामन्यात त्याने १३० चेंडू टाकले. हायस्कूलमध्ये असताना टॉमी जॉन झालेला मुलगा! तुम्ही त्याला धैर्य म्हणता, मला तो आकडा बघवला नाही.

---

आकडेमोड | ५ जुलै

पण शेवटच्या इनिंगमध्येही त्याचा हात सैल नव्हता. साताराकरांची कसोटी लावा ना, दमल्यावर काय करतो? तो उत्तीर्ण आहे.

---

मीनल_फिजिओ | ५ जुलै

एका रात्रीचं उत्तर आहे ते. अस्थिबंध हिशेब त्याच रात्री मागत नाही.

---

तात्या ओहायो | ६ जुलै

भांडण रंगात आलंय, त्यात नवी बातमी: नॅशनल्सने आज माइक रिझोला काढलं. ड्राफ्टला एक आठवडा असताना जनरल मॅनेजरच गेला! पहिल्या क्रमांकाचं आता काहीही होऊ शकतं.

माझं म्हणणं मांडतो. गेल्या वर्षीचा अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा नॅशनल लीग) साय यंग विजेता टॅरिक स्कूबल २०१८ मध्ये नवव्या राउंडला निवडला गेला. जेकब डीग्रॉम २०१० मध्ये, तोही नवव्या राउंडला, आणि कॉलेजात बहुतेक काळ शॉर्टस्टॉप खेळलेला. मार्क बर्ली तर १९९८ मध्ये अडतिसाव्या राउंडला. आता एवढे राउंडच होत नाहीत, वीसच असतात. म्हणजे आज तो मुलगा कदाचित निवडलाच गेला नसता. आंब्याच्या पेटीचा वरचा थर बघून पैसे मोजायची ही पद्धत आहे. खालच्या थरात काय आहे ते पिकल्यावर कळतं.

मी बघतो ते हे: वॉक (चार चुकीचे चेंडू टाकून बॅटरला फुकट बेस) दिल्यावर पोरगा काय करतो. मागच्या फील्डरने चूक केली तर त्याच्याकडे कसा बघतो. कॅचरचा इशारा दोनदा नाकारून तिसऱ्यांदा हवा तो चेंडू टाकतो का. स्काउट लोक याला मेकअप म्हणतात, आणि ते कुठल्याही यंत्रात येत नाही.

---

आकडेमोड | ६ जुलै

तात्या, स्कूबल नवव्या राउंडला गेला कारण कॉलेजात टॉमी जॉन झालं होतं आणि नियंत्रण नव्हतं. म्हणजे त्या दिवशीची माहिती चुकीची नव्हती. त्याच्या पुढे काय झालं ते महत्त्वाचं. टायगर्सने त्याला काय शिकवलं, त्याने काय उचललं. खरा प्रश्न कदाचित 'कोण' पेक्षा 'कुणाकडे' हा आहे. काही क्लबांच्या हाती पिचर सुधारतात, काहींच्या हाती बिघडतात.

---

ह्यूस्टनची सई | ६ जुलै

+१. हे वाक्य धाग्याच्या माथ्यावर लावा.

---

इनलँडवासी | १४ जुलै

निकाल आला. नॅशनल्सने विलिट्सला घेतलं, १७ वर्षांचा शॉर्टस्टॉप. एंजल्सने दुसऱ्या क्रमांकावर ब्रेम्नर, इथे कुणी त्याचं नावही लावून धरलं नव्हतं. अँडरसन तिसरा, सिॲटलला. हॉलिडे चौथा. डॉइल पाचवा. हर्नांडेझ सहावा, पायरेट्सकडे. अर्नोल्ड अकरावा. आमच्या कोरोनाचा शॉर्टस्टॉप बिली कार्लसन दहावा, व्हाइट सॉक्सकडे.

पहिल्या तिघांत गेला नाही याचं वाईट वाटलं. तरी आकडेमोड यांचा 'कुणाकडे' हा प्रश्न मला या आठवड्यात सारखा आठवत होता, आणि त्या हिशेबाने हा मुलगा चांगल्या ठिकाणी पडला असं मी म्हणेन. त्याच क्लबात स्कीन्स आहे. २०२३ चा पहिला क्रमांक, मे २०२४ मध्ये मेजर लीगमध्ये, त्याच वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित. फास्टबॉल असलेल्या मुलाला तिथे कसं वागवतात याचा नमुना समोर आहे. माझं मत मात्र कायम: यंदाच्या सगळ्या पिचर्समध्ये पाच वर्षांनी हर्नांडेझ पुढे असेल, आणि त्याचं कारण ९८ मैल नसेल, चेंजअप असेल. वेग कमी झाला तरी तो चेंडू त्याच्याकडे राहील.

---

मीनल_फिजिओ | १४ जुलै

चेंजअपबद्दल पूर्ण सहमत. या वयात चांगला चेंजअप म्हणजे मुलाने प्रत्येक चेंडूला जीव तोडून जोर लावायचा मोह आवरला आहे. मला त्याच्याबद्दल आशा वाटते ती यामुळे.

---

गोलंदाज_साताऱ्याचा | १४ जुलै

हळू चेंडू त्याच हाताच्या वेगाने टाकणं, हे मी पोरांना वर्षभर सांगतो आणि कुणी ऐकत नाही. उद्या हर्नांडेझचे व्हिडिओ दाखवतो. लिंक व्यनि (खासगी निरोप) करा.

---

कॅरोलिनाचा बाबा | १५ जुलै

मीनलताई, मुलाला ऑगस्टच्या शेवटी एका शोकेसचं आमंत्रण आलंय. फेब्रुवारीपासून टाकतोय. जाऊ देऊ का?

---

मीनल_फिजिओ | १५ जुलै

बाबा, फ्रिजवरच्या कागदाचा फोटो पाठवा, बघून सांगते. वर्षात किमान चार महिने स्पर्धेतलं पिचिंग बंद, आणि त्यातले सलग दोन-तीन महिने खांद्यावरून चेंडू फेकणंच बंद, हे पिच स्मार्टमध्येही आहे. ते महिने कधी घेणार हे आधी ठरवा. ऑगस्टमध्ये जायचं असेल तर त्याच्या दुसऱ्या दिवसापासून विश्रांती सुरू, आणि फॉल लीगला (शरदातल्या स्पर्धेला) आत्ताच नाही म्हणून कळवून टाका.